टाका दिसता कामा नये

त्याला सगळे टाका म्हणत. नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. तो गाण्यांचे व्हिडिओ जोडायचा, आणि दोन दृश्यांच्या जोडाला कट म्हणायच्या ऐवजी टाका म्हणायचा. वडील शिंपी. घरात सगळं बोलणं कापड, कात्री आणि दोरा यांच्यातूनच चाले. "टाका दिसला की शिवण वाया," असं वडील गिऱ्हाइकांना ऐकवत आणि तो मला ऐकवी.

त्याच्याबद्दल लिहायचं तर त्याच्या ताईच्या उजव्या हाताबद्दल लिहावं लागतं. तो हात उशिरा येऊ लागला होता. ते सगळ्यांत आधी टाक्याला दिसायला हवं होतं, आणि त्याला दिसलंही होतं. कसं दिसलं आणि त्याने त्याचं काय केलं, ते सांगतो.

मी त्यांच्या दुकानात पहिल्यांदा गेलो तो मुलाखतीची पँट आखूड करून घ्यायला. काकांनी, म्हणजे टाक्याच्या वडिलांनी, माप घेता घेता विचारलं, पदवी कशात. साहित्यात, मी म्हणालो. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"मग वर जा. वर एक जण बसलाय. त्यालाही कोणी काही विचारत नाही."

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातून एक लाकडी जिना वर जात होता. वरची खोली बुटकी होती, डोकं वाकवून आत शिरावं लागे. खिडकीवर कोटाच्या अस्तराचं काळं कापड ठोकलेलं होतं. संगणकाचे दोन पडदे, त्यातला एक किंचित कललेला. खुर्चीवर तुकड्यातुकड्यांची उशी. खालून शिवणयंत्राचा आवाज फळ्यांमधून वर येई आणि थांबला की खोली एकदम मोठी वाटे. मुलाखतीचं काही झालं नाही. त्या खोलीत मात्र मी राहिलोच. आधी गाण्याच्या ओळी पडद्यावर टाकायचं काम केलं. मग आम्ही दोघांनी मिळून एक कार्यक्रम सुरू केला. नाव 'उसवण'. दर आठवड्याला एखाद्या गाण्याचा व्हिडिओ घ्यायचा आणि तो कसा शिवलाय ते टाका टाका उसवून दाखवायचं. तो बोले, मी लिहून देई. त्याचा चेहरा कधी दिसला नाही. दिसत ते फक्त हात, कळफलकावरचे.

बघायचं कसं, हे मी त्याच्याकडून शिकलो. पहिल्यांदा आवाज बंद करून बघायचं. मग डोळे मिटून ऐकायचं. मग दोन्ही एकत्र. डोळ्याची चाल वेगळी, कानाची वेगळी, तो म्हणायचा. त्यांचं लग्न लावणं हे आपलं काम. कधीकधी भांडण लावणं हेही आपलंच काम.

एकदा आम्ही एका तरुण गायकाचा व्हिडिओ घेतला. प्रत्येक ठोक्याला दृश्य बदलत होतं. गाडी, गच्ची, बूट, पुन्हा गाडी. मला वाटलं, वेग आहे. टाका म्हणाला, "घाबरलाय हा. स्वतःच्या गाण्यावर भरवसा नाही. तुमच्या साहित्यात नाहीत का, दर वाक्याला उद्गारचिन्ह टाकणारे." दुसऱ्या एका व्हिडिओत नुसती रिकामी खुर्ची होती आणि भिंत, सगळं एकाच फिक्या रंगात. तो म्हणाला, रंग काढून घेतले की माणूस नाइलाजाने ऐकायला लागतो. ठोक्यावर कापायचं नाही, ठोक्याच्या केसभर आधी कापायचं. गाणाऱ्याची पापणी लवते तिथे कापायचं. बघणाऱ्याचीही तिथेच लवते, त्याला कळत नाही.

एकदा एका नवराबायकोचं युगुलगीत आलं. छान होतं. टाक्याने ते आवाजाविना दोनदा पाहिलं आणि म्हणाला, हे मोडणार. मी विचारलं, कशावरून. दोघं एकमेकांकडे बघतायत असं वाटतं, तो म्हणाला, पण दोघं एका चौकटीत एकदाही नाहीत. नजर नुसता टाका घालून जोडली आहे. ते आम्ही कार्यक्रमात बोललो नाही. पुढे थोड्याच दिवसांत त्या दोघांनी वेगळे झाल्याचं जाहीर केलं. मी ती बातमी त्याला दाखवली. त्याने मान हलवली आणि पुन्हा कामाला लागला. मला तेव्हा त्याच्या डोळ्यांची थोडी भीती वाटली होती.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा टाका शाळेतही जात नव्हता. ताईनेच त्याला वाढवलं. तिचा आवाज खालचा, जाड, दळदार. खाली दुकानात बसून ती काज करता करता गुणगुणायची, आणि गिऱ्हाइकं मापं देऊन झाली तरी रेंगाळायची. टाक्याने तिचं पहिलं गाणं दुकानातल्याच भिंतीपुढे चित्रित केलं. ते लोकांनी उचलून धरलं. मग दिग्दर्शक आला, दिवे आले, पण जोडकाम टाक्याकडेच राहिलं. मला ती पदवीधर म्हणायची. "पदवीधर, चहा घेताय की त्याचाही अर्थ लावताय?"

चहा झाला की ती दुकानातला कापड मोजायचा लाकडी गज घेऊन छताला ठोकायची. वर आमच्या पायाखाली ठक ठक होई. पुढे तिने ते सोडलं आणि खालून हाक मारू लागली. गळा असताना लाकूड कशाला झिजवायचं, म्हणाली. आम्ही हसलो. काज करणंही तिने सोडलं होतं. गाणारी बाई काजं कुठे करत बसते, असं काका कौतुकाने म्हणत.

ताईची एक लकब होती. अंतरा सुरू होताना ती उजवा हात कपाळाशी नेई, लांबचं काही बघत असल्यासारखा, आणि मग चेहरा वळवी. पहिल्या गाण्यात तो हात ठोक्यावर आला होता, बरोबर ठोक्यावर. लोकांना ते फार आवडलं. पोरी आरशापुढे तसं करत.

मग 'उसवण'वर मागणी सुरू झाली. दुसऱ्यांची उणीदुणी खूप झाली, आता घरचं उसवा. ताईचे व्हिडिओ घ्या. टाका आधी आढेवेढे घेत राहिला. पण आतून तो सुखावला होता. त्याने ताईची सगळी गाणी ओळीने लावली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि प्रत्येकातला तेवढाच भाग घेतला, अंतऱ्याची सुरुवात. दुपार होती. खाली यंत्र चालू होतं. तो बोलत होता, मी लिहीत होतो.

पहिल्या गाण्यात हात खालून कपाळापर्यंत जाताना पूर्ण दिसत होता. एकच सलग दृश्य. इथे मी नवशिका होतो, तो म्हणाला, जे होतं ते दाखवलं. पुढच्यात हात उचलला जाताना मध्येच खिडकीचा पडदा हलताना दिसत होता, आणि परत येईपर्यंत हात कपाळावर पोचलेला. इथे जरा धीट झालो, तो म्हणाला. त्यापुढच्यात पडदा जास्त वेळ. मग पडदा आणि दिवा. मग पडदा, दिवा आणि जिन्यावरची पावलं. सगळ्यांत नव्या गाण्यात हात नव्हताच. भिंतीवर एक सावली होती, कपाळाशी हात नेलेली. समीक्षक त्या सावलीवर पानभर लिहीत होते.

"बघ," तो म्हणाला. "हळूहळू मी हात दाखवायचाच सोडला. सावलीवर भागवलं. शैली शैली म्हणतात ती हीच. वाढत जाते, आपल्याला कळतही नाही."

मी ते वाक्य उतरवलं. चांगलं वाक्य होतं.

मग त्याला वाटलं की लोकांना मूळ चित्रीकरणही दाखवावं. न कापलेलं. म्हणजे काय टाकलं आणि काय ठेवलं ते दिसेल. त्याने नव्या गाण्याचा मूळ तुकडा उघडला. नेहमीप्रमाणे आवाज बंद.

ताई उभी. ओठ हलतायत. हात उठला. छातीपर्यंत आला आणि थांबला. तिथे तसाच राहिला, काहीतरी विसरल्यासारखा. मग खाली गेला. पुन्हा सुरुवात. हात उठला, छातीशी थांबला, खाली गेला. पुन्हा. शेवटी तिने डाव्या हाताने उजवं कोपर वर ढकललं. तो हात कपाळाशी गेला तेव्हा कॅमेरा भिंतीकडे वळला होता. सावली तिथली होती.

टाक्याने आधीच्या गाण्याचा मूळ तुकडा उघडला. मग त्याआधीचा. प्रत्येक ठिकाणी, जिथे त्याचा पडदा होता, तिथे पडद्याखाली ताईचा हात उशिरा येत होता. सुरुवातीच्या गाण्यात जरासा उशिरा. पुढे जास्त. दर वेळी त्याने तो उशीर बघितला होता, कारण तो बघितल्याशिवाय पडदा कुठे लावायचा हे ठरलंच नसतं. बघितला होता आणि झाकला होता. हेच त्याचं काम होतं. उशिरा आलेलं वेळेवर आणायचं.

मी लिहिलेलं ते चांगलं वाक्य समोर तसंच होतं. त्याने ते वाचलं आणि कागद उलटा केला.

मग त्याने कधी करत नसे ते केलं. आवाज सुरू केला. गाण्याच्या चित्रीकरणात तिथला आवाज कोणी ऐकत नाही. तो टाकूनच देतात, त्यावर नंतर ध्वनिमुद्रित गाणं चढवतात. त्यामुळे हा आवाज कुणीच कधी ऐकला नव्हता. माणसांची कुजबुज, दिव्याची घरघर. दिग्दर्शक म्हणाला, परत एकदा, ताई. कापड सळसळलं. आणि मग अगदी जवळून, कारण नंतर ओठ जुळवून बघायला तिच्या गळ्याशी माईक लावलेला असे, ताईचा आवाज आला. हळू. कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"चल ना," ती हाताला म्हणत होती. "चल ना रे."

खालून त्याच आवाजात हाक आली, चहा झालाय. टाका दचकला. मीही.

त्यानंतरचे काही दिवस वाईट गेले. तो ताईला सांगत नव्हता आणि मलाही सांगू देत नव्हता. ताई चहा देताना आम्ही दोघं तिच्या हाताकडे बघायचो आणि दोघंही दुसरीकडे बघत असल्याचं सोंग करायचो. ती कप डाव्या हाताने देत होती. कधीपासून देत होती ते आठवेना. समोरच्या किल्ल्या करणाऱ्याने एकदा दुकानात येऊन थट्टा केली, काय दोघं मयताला आल्यासारखे बसलात. ताई मोठ्याने हसली. हसताना उजवा हात मांडीवर तसाच होता.

शेवटी त्याने ठरवलं. दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढलेलं असे, त्या वेळी तो खाली आला. काका यंत्रावर होते. ताई कापायच्या टेबलाशी बसली होती. टाक्याने फोन तिच्यापुढे कापडावर ठेवला आणि तुकडे लावले, पहिल्या गाण्यापासून, एकापाठोपाठ एक. पडदे काढलेले. दिवे काढलेले. फक्त हात.

तिने शेवटपर्यंत बघितलं. मग पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. पुन्हा बघितलं.

"हे कुठलं?"

"तुझंच आहे. टाके काढलेत."

मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहितो.

"मला शंका यायची रे. चमचा सुटला, बटण लागेना, की यायची. मग मी तुझे व्हिडिओ लावून बघायची. त्यात हात बरोबर यायचा. म्हटलं, झालं, मनाचे खेळ. थकले असेन."

टाक्याने टेबलाची कड धरली होती. यंत्र थांबलं होतं. ते कधी थांबलं ते कळलं नाही.

काका उठले. भिंतीला ताईचे पोशाख टांगलेले होते, गाण्यांचे, ओळीने. त्यांनी सगळ्यांत नवा झगा काढला, उलटा केला, आणि उजव्या खांद्याचं अस्तर कात्रीच्या टोकाने उसवलं. आतून कापूस निघाला. चांगला जाड थर. मग त्याआधीचा झगा काढला. त्यातही कापूस, थोडा कमी. त्याआधीच्यात नुसती एक पट्टी. पहिल्या झग्यात काही नव्हतं. ते सगळं त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी मांडलं, टाक्याने तुकडे मांडले होते तसं.

"उजवा खांदा उतरत चालला होता," ते म्हणाले. "मी भरून घेत गेलो."

"सांगितलं नाहीत ते?"

"गिऱ्हाइकाच्या अंगात काय कमी आहे ते त्याला सांगत नाहीत, पोरी. कापडात झाकतात. मी असंच शिकलो. ह्यालाही तेच शिकवलं."

"मी गिऱ्हाईक होते का, बाबा?"

काकांनी कापूस गोळा करायला घेतला. बोटांना चिकटलेला निघेना.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी ताईला बोटं दाबायला सांगितली, सोडायला सांगितली, गुडघ्यावर हलकेच ठोकलं, दंडाच्या कातडीकडे बराच वेळ बघत राहिल्या. तिथे कातडीखाली काहीतरी बारीक थरथरत होतं, आपोआप. मग चाचण्या झाल्या, यंत्रं झाली. आजाराचं नाव लांबलचक होतं. अर्थ आखूड होता. नसा एकेक करून हुकूम ऐकायचं सोडतात. सोडलेली नस परत येत नाही. आधी हात, मग पुढचं. गळा कधी, असं ताईने विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

आधी आलो असतो तर, टाक्याने विचारलं.

"थांबवता आलं नसतं. वेग थोडा कमी करता आला असता."

वेग या शब्दावर त्याने मान खाली घातली. आयुष्यभर त्याने वेगच कमीजास्त केला होता.

मग बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का. काका दाराशी उभे होते. हिच्या आईचे हात थकायचे, ते म्हणाले. शेवटी शेवटी भांडी सुटायची. लोक म्हणायचे, अशक्तपणा आहे. बाईंनी विचारलं, तेव्हा वय काय होतं. हिच्याएवढंच, काका म्हणाले. आणि थोड्या वेळाने, कुणी न विचारता, म्हणाले, तिच्या पोलक्यांनाही मी आतून पट्टी द्यायचो.

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मग मान वर करून त्या टाक्याकडे बघत राहिल्या. जरा जास्तच वेळ. एरवी तो म्हणाला असता, हे दृश्य लांबलं, कापा.

ताई रडली वगैरे नाही. निदान आमच्यासमोर नाही. घरी आल्यावर तिने दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, घरात आता कुणी काही झाकायचं नाही. जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. दुसरी, एक गाणं करायचं, आणि त्यात एकही टाका नको. पडदा नको, सावली नको. टाक्याने नाही म्हणून पाहिलं. तिने ऐकलं नाही.

दुकानातली तीच भिंत. दिग्दर्शक नाही, दिवे नाहीत. दारातून जेवढा उजेड आला तेवढाच. टाक्याने कॅमेरा ठेवला आणि मागे सरला. ताईने गायला सुरुवात केली. अंतरा आला. हात उठला. पोटाशी थांबला. तिने गाणं थांबवलं नाही. हात खाली गेला, संथ, एखादी जड वस्तू पाण्यात सोडावी तसा. ती गात राहिली. टाका भिंतीला पाठ लावून उभा होता आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं हवेत हलत होती, जिथे जिथे त्याने कापलं असतं तिथे तिथे.

ते गाणं त्याने तसंच लोकांपुढे ठेवलं. लोकांना आवडलं. संथपणाची काय हुकमत आहे, असं लिहिलं कुणी. एकाने लिहिलं, हात कपाळापर्यंत न नेण्यात केवढं सुचवलं आहे. टाक्याने ते मला वाचून दाखवलं आणि हसला. ते हसणं मी विसरायचा प्रयत्न करतो.

पुढे थंडी पडली. एका दुपारी काकांनी टाक्याला बोलावलं, शर्टाचं माप द्यायला. मी स्टुलावर होतो. ताई खुर्चीत, उजवा हात मांडीवर, त्यावर डावा. काकांनी गळ्यातली टेप काढली. ते माप नेहमी मनातल्या मनात घेत आणि खडूने कापडावर लिहीत. छाती घेतली. बाही घेतली. मग मागे जाऊन खांदे घेतले. डावा. उजवा. टेप सोडली आणि परत धरली. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. खडू हातात तसाच राहिला.

टाका ताठ उभा होता. त्याला मागचं काही दिसत नव्हतं. ताईला दिसत होतं.

"बाबा," ती म्हणाली. "मोठ्याने."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. किल्ल्या करणाऱ्याचं चाक फिरत होतं, लोखंड घासल्याचा आवाज येत होता.

"उजवा उतरलाय," काका म्हणाले.

"आत्ता?" टाक्याने विचारलं. तो वळला नाही.

"मागच्या दोन शर्टांना आतून पट्टी आहे."

त्यातलाच एक त्याच्या अंगात होता. त्याने डावा हात वर नेला आणि उजव्या खांद्याची शिवण चाचपली. बोटांना पट्टी लागली तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. ताई उठली. ती त्याच्यापर्यंत गेली आणि डाव्या हाताने तिने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, शाळेत जाणाऱ्या मुलाची करावी तशी.

"आता रोज बघायचं," ती म्हणाली. "आणि बोलायचं."

डॉक्टरीणबाईंनी त्यालाही तपासलं. त्या म्हणाल्या, खांदे तर पुष्कळांचे खालीवर असतात, खुर्चीत वाकून बसणाऱ्यांचे तर असतातच. आत्ताच काही सांगता येत नाही. लक्ष ठेवा.

लक्ष ठेवायचं काम त्याने मला दिलं. तुला बघायला मीच शिकवलंय, म्हणाला, आता कामी येऊ दे. काम असं. रोज सुरुवात करण्याआधी तो ताईचं पहिलं गाणं उघडतो, ते सलग हाताचं. डोळे मिटतो. गाणं चालू करतो. अंतऱ्याच्या ठोक्याला उजव्या हाताचं बोट कळफलकाच्या कळीवर मारतो. बोट पडतं तिथे पडद्यावर एक रेघ उमटते. ठोक्याची जुनी रेघ तिथे आधीच आहे. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या की मी म्हणतो, बरोबर. मग तो डोळे उघडतो. मी बोलल्याशिवाय उघडत नाही, असा त्याचा नियम आहे.

ताई अजून गाते. हाक मारायला तिला आता थोडं थांबावं लागतं, पण मारते. काकांनी दुकानात एक मोठा आरसा लावलाय. माप घेताना ते आकडे मोठ्याने म्हणतात, आणि काही गिऱ्हाइकं रागावतात. एक बाई तर कापड उचलून निघून गेल्या. काका त्यांच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे बघत राहिले आणि त्यांनी दारापर्यंत जाऊन सांगितलं, डावा बघून घ्या एकदा.

आणि वर, अस्तर लावलेल्या खोलीत, रोज मी म्हणत आलो, बरोबर. बरोबर. बरोबर.

आज सकाळी त्याने डोळे मिटले. गाणं सुरू झालं. ताईचा तो जुना आवाज, अंतरा, ठोका. बोट पडलं. रेघ उमटली.

मी बघितलं. पडदा जवळ ओढून पुन्हा बघितलं. दोन रेघांच्या मधे फट होती. दोऱ्याएवढी.

खाली यंत्र चालू होतं. तो डोळे मिटून बसला होता, चेहरा माझ्याकडे वळवलेला. त्याने थोडा वेळ वाट पाहिली.

"टाका दिसतोय?" त्याने विचारलं.

"दिसतोय," मी म्हणालो.